गैरसमजांच्या सामायिक खुणा कोणत्या? गणेशोत्सवातल्या प्रदर्शनासाठी मदत हवी

कोलशेतकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोलशेतला आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा देखाव्याशेजारी आठ फलकांचं प्रदर्शन लावायचं ठरलंय. विषय आहे 'घरोघरी फिरणारे गैरसमज'. प्रत्येक फलक दोन फूट बाय तीन फूट. बघायला सातवीतल्या मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे येणार. एका फलकासमोर माणूस जेमतेम मिनिटभर थांबेल, असं धरून चाललोय.

समितीने जमवलेली यादी अशी: साप दूध पितो आणि डूख धरतो, रेशनच्या तांदळात प्लास्टिक आहे, ग्रहणात मुसळ उभं राहतं, ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसतो, गॅसच्या टाकीला एक्सपायरी असते, मुलं पळवणारी टोळी आलीय, खाडीतले फ्लेमिंगो रसायनांमुळे गुलाबी होतात.

अशी यादी कितीही लांबवता येते. पण गणपती गेले की नवा मेसेज येतो आणि तो यादीत नसतो. म्हणून या सगळ्यांत समान काय आहे तेच लोकांसमोर मांडावं असं वाटतं. कोणत्या खुणा सांगाव्यात? मांडवात करून दाखवता येतील असे प्रयोग कोणते? आणि फलक कसा लिहावा, म्हणजे खोडून काढायला घेतलेला गैरसमजच लोकांच्या डोक्यात पक्का बसणार नाही?

नौपाडेकर

छान विषय. सगळ्यात महत्त्वाची खूण आधी सांगतो, कारण तिच्यावर निम्मं प्रदर्शन उभं राहील. टिकून राहिलेले बहुतेक गैरसमज निखालस खोटे नसतात. त्यांच्या पोटात एक खरी गोष्ट असते, फक्त तिला लागलेली अट वाटेत गळून पडलेली असते. कधी वर्ष गळतं, कधी ठिकाण, कधी प्रमाण, कधी नुसता एक शब्द.

मंगळाचं उदाहरण मोठं करून लावा, त्यात हे लख्ख दिसतं. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. हजारो वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता, हे खरं. त्या वेळी फिरलेल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. हिशेब बरोबरच होता. मंगळाची चकती तेव्हा सुमारे २५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होती आणि चंद्राची साधारण १८०० ते १९०० विकला असते. पंचवीसला पंचाहत्तरने गुणा, १८७५ येतात. पुढे ईमेल पुढे ढकलताना 'दुर्बिणीतून' गळलं, मग '२००३' गळलं. उरलं ते 'येत्या २७ ऑगस्टला आकाशात दोन चंद्र'. तेच अजून दर ऑगस्टमध्ये फिरतं.

गॅसच्या टाकीचंही असंच. टाकीच्या वरच्या कड्याला धरून ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवर आतल्या बाजूला 'बी-२७' असं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ही तारीख खरी आहे आणि पाहायलाही हवी, पण ती टाकीच्या पुढच्या सक्तीच्या चाचणीची आहे. आतला गॅस शिळा होत नाही. मुदत उलटलेली टाकी आली तर ती परत द्यायची, पण ती 'आज रात्री फुटेल' या मेसेजला आधार नाही.

मुलं पळवणाऱ्या टोळीचा फलक मात्र गंभीरपणे करा. २०१८ साली देशभर जी चित्रफीत फिरली, तिच्यात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसतात. ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम चित्रित करून घेतली होती. मूळ फितीत शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तेवढा शेवट कापून ती पुढे गेली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, ते अशाच टोळीच्या अफवेवरून. इथे ठिकाणही गळलं, उद्देशही गळला, आणि माणसं गेली.

म्हणून फलकावर खुणेऐवजी प्रश्नच लिहा: कधीचं? कुठलं? किती? कशाच्या तुलनेत? कोणी मोजलं? मेसेजमध्ये ज्या प्रश्नाला उत्तर नाही, तिथेच बहुतेक वेळा अट गळलेली सापडते.

आणखी दोन खुणा थोडक्यात. मोठं नाव असतं, पत्ता नसतो. 'नासाने सांगितलंय', 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात पहिलं ठरवलंय'. युनेस्को अशी निवड करतच नाही. आणि घाई असते. 'आज रात्री १२.३० ते ३.३० विश्वकिरण येणार, फोन बंद ठेवा.' विश्वकिरण म्हणजे अवकाशातून येणारे सूक्ष्म कण, ते रोज, अष्टौप्रहर येत असतात. ज्याला पडताळायला वेळच ठेवलेला नाही, ते पडताळल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही.

येऊरवाट

नौपाडेकरांशी सहमत, पण माझ्या मते दुसरी खूणही तितकीच मोठी आहे: मोजणी एकाच बाजूची होते. जमलेलं लक्षात राहतं, फसलेलं कुणी मोजत नाही. सर्पदंशावरच्या मंत्राइतकं याचं नेमकं उदाहरण दुसरं नाही. येऊर, मानपाडा, घोडबंदर पट्ट्यात जंगल सोसायट्यांच्या भिंतीला लागून आहे, तेव्हा हा फलक तुमच्याकडे हवाच.

भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक माणसाला निरुपद्रवी. वस्तीत निघतात ते धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी सापच जास्त. जीव घेणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, त्याला कोरडा दंश म्हणतात. आता समजा मांत्रिकाकडे शंभर माणसं आली आणि त्यातल्या सत्तरांना बिनविषारी साप किंवा कोरडा दंश होता. ही सत्तर माणसं काहीही न करता जगणार होती. मांत्रिकाच्या खात्यावर मात्र सत्तर जीव वाचवल्याचं पुण्य जमा होतं. उरलेल्यांतले जे दगावतात त्यांच्याबद्दल 'उशिरा आणलं', 'पथ्य मोडलं' असं म्हटलं जातं. म्हणजे यश मंत्राचं आणि अपयश रोग्याचं. असा दावा कोणत्याही निकालाने खोटा ठरू शकत नाही, आणि तीच त्याची खूण आहे.

इथे किंमत प्राणाची आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. फलकावर हा आकडा जरूर द्या.

मण्यारीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच घात करतो. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, त्यामुळे दुखत नाही, सूज येत नाही, व्रणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, जीभ अडखळते, मग श्वासाचे स्नायू थकतात. 'सूज नाही म्हणजे विष उतरलं' हे घोणशीच्या दंशावरून बांधलेलं अनुमान मण्यारीला लावलं की माणूस हातचा जातो. पुन्हा तेच: एका सापाची खरी गोष्ट, सापाचं नाव गळलेलं.

कवड्या आणि मण्यार यांचं चित्र शेजारी शेजारी लावा. कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात, बहुधा जोडीजोडीने. कवड्या भिंत चढतो, म्हणून वरच्या मजल्यावरही सापडतो. पण चित्राखाली ठळक लिहा की हा फरक ओळखण्यासाठी आहे, हात लावण्यासाठी नाही. दंश झाला तर साप कुठला ते ठरवत बसायचं नाही.

दूध आणि डूख एका ओळीत संपतं. साप सरपटणारा प्राणी आहे, दूध हे त्याचं अन्न नाही. बरेच दिवस पाण्यावाचून ठेवलेला साप समोर येईल ते द्रव पितो, आणि ते त्याला बाधतं. डूख धरायला लागणारी माणसाची ओळख आणि आठवण त्याच्या मेंदूत राहत नाही.

सीवूड्सची वाचक

प्रश्न आणि प्रतिसाद दोन्ही वाचले. माझा एक आक्षेप आहे आणि तो मनापासून आहे. घरातल्या मोठ्यांना हे वाचून असं वाटेल की पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव म्हणजे सगळा गैरसमजच. पावशा ओरडू लागला की पाऊस जवळ आला, हे शेतकऱ्याला कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नाही. ग्रहणात सूर्याकडे बघू नये, हेही आजीच सांगायची आणि ते बरोबरच आहे. मग फलकावर रेघ ओढणार कुठे?

नौपाडेकर

रास्त आक्षेप आहे, आणि त्यासाठी एक फलक राखूनच ठेवावा असं माझं मत. जुनं म्हणून खोटं नाही आणि जुनं म्हणून खरंही नाही. जुन्यालाही तेच पाच प्रश्न लावायचे.

पावशाच्या विणीचा हंगाम पावसाच्या तोंडाशी येतो आणि त्या काळात नर सारखा ओरडतो. म्हणून 'पावशा ओरडतोय, पाऊस जवळ आला' हे ऋतूपुरतं चांगलं निरीक्षण आहे. 'पावशाने आज सांगितलं, उद्या नक्की पडणार' असं म्हणाल तर ते टिकत नाही.

ग्रहणाचंही तसंच. सूर्यग्रहणात झाकोळ असतो, डोळे दिपत नाहीत, त्यामुळे माणूस एरवी बघणार नाही इतका वेळ बघत राहतो आणि उरलेल्या कोरीच्या उजेडाने दृष्टिपटल भाजतं. दृष्टिपटलाला दुखण्याची जाणीव नसल्याने ते तेव्हा कळतही नाही. हे आजीचं सांगणं शंभर टक्के खरं. पण त्यातली 'सूर्याकडे, उघड्या डोळ्यांनी' ही अट गळली आणि बंदी चंद्रग्रहणावर, अन्नावर, भाजी चिरण्यावर, गरोदर बाईच्या हालचालीवर पसरली. चंद्रग्रहणात आपण फक्त पृथ्वीची सावली पडलेला चंद्र बघतो, डोळ्याला काही होत नाही. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात चार-पाच तास बाहेर राहिलं तर आंबतं, ग्रहण असो वा नसो. आणि ग्रहण सुटेपर्यंत गरोदर बाईला पाण्यावाचून बसवून ठेवणं मात्र खरोखर अपायकारक आहे.

हा फलक वाचून आजोबा रागावणार नाहीत. आपलं काय खरं होतं, ते त्यांना त्यात दिसेल.

प्रयोगवही

मांडवात करण्याजोगे तीन प्रयोग देते. तिघांचं सूत्र एकच, तेही वर लिहा: जो चमत्कार एका खास दिवशी दिसतो म्हणतात, तो साध्या दिवशीही करून बघायचा. बहुतेक गैरसमजांत हा 'साधा दिवस' कुणी तपासलेलाच नसतो.

मुसळ. तळ सपाट असलेलं मुसळ घ्या. वापरून तळ गोल झाला असेल तर उभं राहणार नाही, आधी घरी बघून ठेवा. मांडवातला प्लायवूड हलतो, म्हणून खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवून तो पाणसळीने समतल करा. त्यावर परात, परातीत पाणी, आणि मुसळ मधोमध दोन्ही हातांनी उभं धरून हळूच सोडा. पंखा बंद. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेघ तळाच्या आत पडली की मुसळ उभं राहतं. मग पाणी काढून पुन्हा करा, परात काढून पुन्हा करा. ग्रहण नाही, पाणी नाही, तरी उभं. मुलांना स्वतःच्या हाताने करू द्या, फक्त बाजूला एक मोठं माणूस हवं. मुसळ पायावर पडतं.

दूध. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून देशभर देवळांत रांगा लागल्या होत्या. हा प्रयोग मूर्तीवर करू नका, गरज नाही आणि कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा आपला हेतूही नाही. काळा दगडी वरवंटा उभा ठेवा, आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. चमचा काठोकाठ भरा, इतका की दूध काठाच्या वर किंचित फुगलेलं दिसेल. चमच्याची कड वरवंट्याच्या फुगीर भागाला टेकवा आणि अगदी थोडी खाली करा. पृष्ठताणामुळे दूध ओल्या दगडाला धरतं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, चमचा रिकामा होतो. संगमरवरावर हा पांढरा थर दिसतच नाही. म्हणून त्या वेळी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं होतं. तुम्ही चिमूटभर हळद घाला आणि खाली टिपकागद ठेवा, ओघळ कुठे जातो ते सगळ्यांना दिसेल. दगड कोरडा किंवा तेलकट असला की हे जमत नाही, थेंब टपकतात.

तांदूळ. हा सगळ्यात उपयोगी, कारण यात गैरसमजाचं मूळ डोळ्यांनी दिसतं. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात पोषक दाणे मिसळले गेलेत, दर १०० किलोला १ किलो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून, ते यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. त्यामुळे ते सगळे एकसारखे, थोडे पिवळट किंवा खडूसारखे अपारदर्शक दिसतात आणि धुताना काही वर तरंगतात. लोकांना वेगळा दाणा दिसतो हे खरंच आहे. 'प्लास्टिक' हे त्याला चुकीचं लावलेलं कारण. आणि तो निवडून टाकला की मुलांच्या ताटातलं लोह जातं.

करायचं असं: पांढऱ्या थाळीत वाटीभर तांदूळ पसरा, वेगळे दाणे चिमट्याने बाजूला काढा. अर्ध्या वाटी पाण्यात बेटाडीनचे चार-पाच थेंब टाका. साधा दाणा, पोषक दाणा आणि प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा, तिन्ही वेगवेगळ्या वाटीत ठेवा. दाणे खलबत्त्यात भरड करून घ्या, नाहीतर रंग यायला वेळ लागतो. प्रत्येकावर ते पाणी घाला. दोन्ही दाणे निळे-काळे पडतात, कारण दोन्हींत स्टार्च आहे. प्लास्टिक तसंच राहतं. भाताचा गोळा उसळतो, दाणा पेटवला तर जळतो, हे पुरावे म्हणून दाखवतात, पण शिजलेला स्टार्च चिकट आणि लवचिक होतोच आणि कोरडा स्टार्च जळतोच. शिवाय प्लास्टिकचे दाणे रेशनच्या तांदळापेक्षा महाग पडतात, मग भेसळ करून कमावणार काय?

आकडेमोड

येऊरवाट यांच्या मोजणीच्या मुद्द्याला पूरक. एकतर्फी मोजणी टाळून दावा कसा तपासायचा, याचा आपल्याच राज्यातला नमुना द्या. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या पत्रिका मिसळल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढंच ज्योतिषांना विचारलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांचं उत्तर पाठवलं. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आले असते.

यातली शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे क्रम. बरोबर कशाला म्हणायचं ते आधी ठरलं, उत्तरं नंतर आली. गैरसमजांत हे उलट असतं. उत्तर आलं की मग त्याला जुळेल असा अर्थ लावतात.

खाडीकाठ ऐरोली

फ्लेमिंगोंचं थोडक्यात. पिल्लू करड्या रंगाचं असतं. गुलाबी रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, आणि ती अन्नातून येतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगोच. छोटा रोहित मुख्यतः नील-हरित शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित शेवाळाबरोबर कोलंबीसारखे बारीक जीवही खातो. कारखान्याच्या रसायनाने पीस रंगत नाही. खरा धागा एवढाच की सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसतं. त्यावरून 'प्रदूषण पक्ष्यांना मानवतं' असा निष्कर्ष काढू नका, विषारी धातू त्याच चिखलात असतात. 'सैबेरियातून येतात' हेही फलकावर नको. इथल्या थव्यांचं मोठं माहेर म्हणजे कच्छचं रण. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

अजून एक स्थानिक घटना वापरता येईल. १८ ऑगस्ट २००६ ला माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोकांनी बाटल्या भरल्या. पाणी कमी खारट झालं होतं हे खरं. पावसाळ्यात गोडं पाणी खाडीत उतरतं आणि हलकं असल्याने वर तरंगतं. पण कमी खारट म्हणजे पिण्याजोगं नव्हे. तिथेच मिठी नदीचं सांडपाणीही येतं. महापालिकेने ते पिऊ नका असं सांगितलं, तरी लोक पीत राहिले. निरीक्षण बरोबर, त्यापुढची उडी चूक. हा प्रकार बऱ्याच गैरसमजांत सापडेल.

फलकलेखन

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. 'गैरसमज खोडला की तो उलट घट्ट होतो, म्हणून त्याचा उल्लेखच टाळा' असा सल्ला तुम्हाला मिळेल. २०१० च्या एका अभ्यासात अमेरिकेत तसा परिणाम दिसला होता आणि तो फार गाजला. पुढे दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ विषय घेऊन तो पुन्हा तपासला, तेव्हा जवळजवळ कुठेच सापडला नाही. दुरुस्ती नेमकी असली तर लोक ती घेतात. तेव्हा बिनधास्त खोडा.

धोका वेगळा आहे. तीच गोष्ट वारंवार ऐकली की ती जास्त खरी वाटते, हे १९७७ पासून प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून चुकीचं वाक्य फलकावर एकदाच आणि लहान अक्षरात. मथळ्यात कधीच नको. 'साप दूध पितो का?' असा मथळा देऊन खाली 'नाही' लिहिलं तर दुरून जाणाऱ्याने वाचलं ते 'साप दूध पितो'. मथळा 'साप दूध पचवू शकत नाही' असा हवा.

फलकावरचा क्रम: वर खरी गोष्ट, मोठ्या अक्षरात, आठ-दहा शब्दांत. मग 'असं ऐकलं असेल' म्हणून गैरसमज एका ओळीत. मग तो का पटतो, म्हणजे कुठली अट गळली किंवा कुठली मोजणी राहिली. शेवटी खरी गोष्ट पुन्हा, कृतीसकट. तिसरा भाग जागा कमी पडते म्हणून सगळे गाळतात आणि फलक तिथेच फसतो. माणसाच्या मनातलं कारण काढून घेतलं आणि बदल्यात दुसरं दिलं नाही, तर चार दिवसांनी जुनं परत येतं. तांदळाचं उदाहरण बघा: 'प्लास्टिक नाही' एवढ्याने भागत नाही, 'मग तो वेगळा दाणा कसला?' याचं उत्तर द्यावंच लागतं.

दोन बाय तीन फुटांच्या फलकावर ६० ते ७० शब्दांच्या वर जाऊ नका. मथळ्याची अक्षरं निदान दीड इंच उंच, मजकूर पाऊण इंच. लाल फुली मारलेलं चित्र टाळा, लांबून फुली दिसत नाही आणि चित्र तेवढं लक्षात राहतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फलकावर दोन बाणांची खूण मोठी छापा. मेसेज पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आला की ती दिसते. असा मेसेज एका वेळी एकाच व्यक्तीला किंवा एकाच गटात पाठवता येतो. दोन बाण म्हणजे खोटा असं नव्हे, लिहिणारा कोण हे समोरच्याला माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ.

कोलशेतकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, आराखडा बराचसा ठरला. गळलेली अट यावर तीन फलक (मंगळ, गॅसची टाकी, चित्रफीत), मोजणीवर दोन (साप, पत्रिकांची चाचणी), एक आजीच्या खऱ्या सांगण्याचा, एक खाडीचा, एक दोन बाणांचा. तांदूळ, मुसळ आणि दूध टेबलावर. एक शंका राहिली. सापाच्या फलकावर प्रथमोपचार चार ओळींत बसवायचे तर कुठले ठेवू? आणि आमच्याकडे काही घरांत टाकी आहे, काहींत पाइपचा गॅस. गॅसच्या फलकावर दोघांना एकच सूचना चालेल का?

येऊरवाट

चार ओळी अशा: माणसाला शांत ठेवा आणि चालवू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा आणि चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा आधार देऊन स्थिर ठेवा. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, बर्फ लावू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्या.

'का' एवढंच जोडा: घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, तिथे कापलं तर रक्त थांबत नाही. आवळून बांधलं तर विष आणि सूज एकाच जागी कोंडून ऊती मरतात, आणि नंतर एकदम सोडलं की विष झपाट्याने पसरतं. रुग्णालयात दोन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करून गोठलं का ते बघतात. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. दंशाची खूण दिसली नाही, काही त्रास नसला तरी २४ तास देखरेखीखाली राहायचं, मण्यारीसाठी विशेष. फलक छापायला देण्याआधी जवळच्या कुठल्या रुग्णालयांत प्रतिविष चोवीस तास मिळतं ते फोन करून विचारा आणि तीच नावं छापा. ऐकीव नावं नकोत.

प्रयोगवही

गॅसला एकच सूचना चालणार नाही, दोन रकाने करा. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून रेग्युलेटर बंद करून खालपर्यंत उघडणारं दार उघडायचं. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, छताकडे जातो, म्हणून मीटरजवळची चावी बंद करून वरच्या खिडक्या उघडायच्या. दोन्हींना समान एवढंच: दिव्याचं किंवा एक्झॉस्ट पंख्याचं बटण चालू असेल तर चालू ठेवा, बंद असेल तर बंद ठेवा, आणि फोन घराबाहेर येऊन करा. 'वास आला की आधी एक्झॉस्ट लावा' हा सल्लाही फिरतो, तो या फलकावर खोडून घ्या. बटणातली ठिणगी पुरेशी असते.

बेटाडीनची वाटी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, कपड्यावरचा डाग सहज निघत नाही. निळे झालेले दाणे रोज फेकून नवे घ्या, दुसऱ्या दिवशी रंग उतरलेला दिसतो आणि बघणारा गोंधळतो.